ताटलीपाशी गुरगुरणाऱ्या कुत्र्याविषयी
पहिल्या भेटीआधी घरातल्या सगळ्यांनी वाचायचं पत्रक

“आमच्याच हातचं खातो आणि आमच्यावरच गुरगुरतो.” कुत्र्यांची वागणूक सुधारायला आम्ही घरोघरी जातो, आणि फोनवर हे वाक्य आम्हाला सतत ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या आवाजात राग असतो, पण त्याहून जास्त तो दुखावलेला असतो. ज्याला पिल्लू असताना बाटलीने दूध पाजलं, आजारपणात ज्याच्या उशाशी रात्र काढली, तोच ताटली पुढे आली की परका होतो. मनाला लागतंच ते. हे पत्रक घरातल्या प्रत्येकाने वाचावं. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही जरूर वाचून दाखवा, कारण केर-फरशी करताना कुत्र्याच्या ताटलीजवळून सगळ्यात जास्त वेळा त्याच जातात.

बाकीचं सावकाश वाचा, पण एक गोष्ट आजपासूनच पाळा. तो गुरगुरला म्हणून त्याला मारू नका, त्याच्यावर ओरडू नका, नाकावर टपली मारू नका. का, ते शेरूच्या गोष्टीवरून कळेल.

ताटलीचा आवाज थांबतो तेव्हा

शेरू तीन वर्षांचा गावठी कुत्रा. घरच्यांनी आम्हाला बोलावलं ते “काही न सांगता, एकदम चावला” म्हणून. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो आणि त्याचं जेवण होऊ दिलं. ताटली स्टीलची, फरशी गुळगुळीत. खाताना ताटली सरकायची आणि खर्र खर्र असा आवाज यायचा. तेवढ्यात घरातले काका पाणी घ्यायला फ्रिजकडे गेले, आणि तो आवाज थांबला. शेरूचं तोंड ताटलीतच होतं, पण तो चावत नव्हता. मान ताठ, पाठ ताठ, आणि डोळा काकांच्या दिशेने इतका वळलेला की पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसत होता. दोन सेकंद, फार तर तीन. काका बाटली घेऊन बाहेर आले आणि खर्र खर्र पुन्हा सुरू झालं, दुप्पट वेगाने.

काकांना यातलं काहीच जाणवलं नव्हतं. मग बोलता बोलता कळलं की चार महिन्यांपूर्वीपर्यंत शेरू गुरगुरायचा. दर वेळी वर्तमानपत्राची गुंडाळी त्याच्या नाकावर बसली, तेव्हा गुरगुर बंद झाली. सगळ्यांना वाटलं, सुधारला. खरं तर त्याची भीती होती तेवढीच होती. ती बोलून दाखवली की मार बसतो, एवढंच तो शिकला होता. एके दिवशी काकांनी ताटली पायाने जरा बाजूला सरकवली आणि तो वसकन अंगावर आला.

“जवळ येऊ नका, माझं घेऊ नका” हे सांगायला कुत्र्याकडे गुरगुरण्याखेरीज फारसे मार्ग नाहीत, आणि जे आहेत ते आपल्या नजरेतून सुटतात. माणूस जवळ आला की तो अधिक गपागप खाऊ लागतो. ताटलीवर मान आडवी धरून, अंग फिरवून ती झाकतो. मग शेरूसारखा थिजतो. त्यानंतर ओठ वर जाऊन दात दिसतात आणि घशातून आवाज येतो. पुढे हवेत चावा, म्हणजे नुसताच दातांचा खटका. बऱ्याच जणांना वाटतं की कुत्र्याचा नेम चुकला. तसं नसतं. कुत्र्याला नेम बरोबर साधता येतो, तो खटका ही त्याने दिलेली शेवटची सूचना असते.

शेपूट हलतंय म्हणून खूश आहे, असंही समजू नका. ताठ उभं शेपूट आखूड आखूड झटक्यांनी हलत असेल तर दूरच राहा. खुशीतलं शेपूट सैल असतं आणि त्याच्याबरोबर कंबरही हलते.

तो असं का करतो

जवळचं अन्न राखून ठेवणं कुत्र्याच्या स्वभावातच आहे. एका वेताची सहा-सात पिल्लं एकाच परातीत तोंड घालतात, तेव्हा जे ढकलून पुढे जातं त्याचं पोट भरतं. रस्त्यावर वाढलेल्या पिल्लाला तर घास सापडेल तिथेच आणि त्याच क्षणी गिळावा लागतो. असं पिल्लू तुमच्या घरी आलं की दोन्ही वेळचं जेवण नक्की मिळणार आहे, हे त्याला कुणीतरी पटवून द्यावं लागतं. ते एका दिवसात पटत नाही.

पण बहुतेक घरांत या भीतीत भर घालतो ते आपणच. “लहानपणापासून ताटलीत हात घालायची सवय लावा, खाता खाता ताटली उचला, म्हणजे मोठेपणी गुरगुरणार नाही,” असा सल्ला सगळीकडे मिळतो. आमच्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्हीही हेच सांगत होतो. ते चूक होतं. त्यामुळे काही पिल्लं आमच्या डोळ्यांदेखत बिघडली, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं. पिल्लाच्या बाजूने पाहा. माणूस जवळ येतो आणि जेवण जातं. चार वेळा असं झालं की पाचव्या वेळी ते पावलांच्या आवाजानेच सावध होणार. आपल्याकडे जेवत्या माणसाला भरल्या ताटावरून उठवत नाहीत. तोच मान त्याच्या ताटलीला द्या.

“तो घरावर मालकी गाजवतोय, त्याला त्याची जागा दाखवा” हेही तुमच्या कानावर आलं असेल. या समजाचं मूळ लांडग्यांच्या जुन्या अभ्यासात आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांविषयी लिहिलं. कुंपणात कोंडलेल्या त्या लांडग्यांमध्ये वरचढपणासाठी झटापटी होत. त्यावरून लांडग्यांच्या कळपात एक ‘अल्फा’ असतो, तो बाकीच्यांना दाबून ठेवतो, असं चित्र तयार झालं आणि पुढे ते कुत्र्यांवरही लादलं गेलं. रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेल्या डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं, आई-वडील आणि त्यांची पिल्लं. म्हणून कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरणं, मानगूट पकडून हलवणं, शॉक देणारा पट्टा बांधणं असले उपाय आम्ही करत नाही. दुसरं कुणी करत असेल तर करू देऊ नका. भ्यालेल्या जनावराला आणखी भेवडावून त्याची भीती जात नाही.

आधी डॉक्टर

इतकी वर्षं शांत असलेला कुत्रा अचानक गुरगुरायला लागला असेल तर आम्हाला फोन करण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्या. दात दुखतात, कान पिकतो, कंबर धरते, गोचीड ताप अंगात असतो. दुखणाऱ्या जिवाला कुणी जवळ आलेलं नको असतं. स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर भूक प्रचंड वाढते, तसंच पोटात जंत असतील तर तेही पाहायला हवं. म्हाताऱ्या कुत्र्याला कमी ऐकू येतं, कमी दिसतं, आणि मागून कुणी आलं की तो दचकतो. आणि सरळ प्रश्नही विचारा: त्याचं पोट भरतंय का? वजनाच्या मानाने किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

जेवणाची जागा

स्वयंपाकघराच्या वाटेवर ताटली ठेवू नका. ज्या कोपऱ्यात कुणाची ये-जा नाही तिथे ठेवा, जमल्यास दार लोटून घ्या. वेळा ठरलेल्या असू द्या. जेवण झाल्यावर तो खोलीबाहेर गेला की मगच ताटली उचला. घरात दोन कुत्री असतील तर दोन खोल्या, मधलं दार बंद. “दोघं एकत्र किती छान खातात” हे ज्या दिवशी जमत नाही, त्या दिवशी मध्ये पडणाऱ्याच्याच हाताला टाके पडतात.

रोजचा सराव

हे मन लावून करा. बाकी सगळं केलं आणि हे केलं नाही, तर कुत्रा आतून बदलत नाही.

ताटलीत त्याचं नेहमीचं जेवण घाला, म्हणजे कोरडं खाद्य, दहीभात किंवा पोळीचा काला. तुमच्या हातात त्याहून फार आवडीचं काहीतरी हवं. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे उत्तम, शाकाहारी घरात पनीर चालतं. मीठ, मसाला नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, ते कुत्र्यांना बाधतात.

तो खात असताना जिथून तुम्ही गेलात तरी त्याचं अंग सैलच राहतं, ते अंतर शोधा. कुणाकडे चार फूट असतं, कुणाकडे दहा. त्या अंतरावरून चालत जा, जाता जाता एक तुकडा ताटलीच्या दिशेने टाका आणि न थांबता पुढे निघून जा. त्याच्याकडे रोखून पाहू नका. लाडात येऊन बोलूही नका. एका जेवणात असं सात-आठ वेळा करा, रोज करा.

काही दिवसांनी तुमची पावलं वाजली की तो ताटलीतून मान वर काढून तुमच्या हाताकडे पाहील. तोंड सैल, कान सैल. शेरूच्या बाबतीत हे अकराव्या दिवशी झालं. काका आले, खर्र खर्र थांबलं, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि शेरूने मान वर केली. शेपूट हलत होतं, कमरेसकट. काकांचे डोळे भरून आले होते.

अशी मान दोन-तीन जेवणं सलग वर आली की अंतर एक फुटाने कमी करा, त्याआधी नाही. पुढे ताटलीपाशी क्षणभर थांबणं, मग किंचित वाकणं, मग हाताने तुकडा ताटलीत ठेवणं. कुणाला हे तीन आठवड्यांत जमतं, कुणाला काही महिने लागतात. काकांशी सैल झालेला कुत्रा काकूंशीही सैल होईल असं नाही, त्यामुळे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने पहिल्या अंतरापासून सुरुवात करायची. लहान मुलांनी हा सराव करायचा नाही.

सरावात तो थिजला किंवा गुरगुरला तर तुम्ही घाई केलीत एवढाच त्याचा अर्थ. जागच्या जागी थांबा, सावकाश मागे या, पुढच्या वेळी लांबून सुरुवात करा. “मागे सरकलो तर तो डोक्यावर बसेल,” अशी भीती पुष्कळांना वाटते. त्याला तुमच्यावर कुरघोडी करायची नसते, ताटली जाईल ही धास्ती असते. सूचना ऐकली जाते हे कळलं की त्याला चावण्यापर्यंत जावं लागत नाही, आणि दुसरीकडे सरावाने ती धास्तीच ओसरत जाते.

ज्याने रक्त निघेल इतका चावा घेतला आहे, त्याच्याबरोबर मात्र हा सराव एकट्याने सुरू करू नका, आमच्यासमोरच करा. तोवर दारं आणि कुंपणं वापरा. गरज पडल्यास जाळीची मुसकी कशी सवयीची करायची ते आम्ही दाखवू. तोंड आवळून धरणारी कापडी मुसकी फार वेळ ठेवता येत नाही, त्यात कुत्र्याला धापता येत नाही.

तोंडात धरलेली वस्तू

मोजा, चष्म्याचं घर, मटणाची नळी, कचऱ्याच्या डब्यातलं मक्याचं कणीस. घेऊन पलंगाखाली बसतो आणि हात पुढे केला की डाफरतो. पाठलाग करू नका, जबडा उघडू नका. वस्तू धोक्याची नसेल तर दुर्लक्ष करा, पुष्कळदा तो कंटाळून सोडून देतो. धोक्याची असेल (गोळ्यांचं पाकीट, कणीस, शिजलेलं हाड) तर मूठभर चिकन त्याच्यापासून लांब, शेजारच्या खोलीत विखरून टाका. तो गेला की दार लावा आणि मग वस्तू उचला.

एरवी साध्या खेळण्यावर “सोड” शिकवा. तुकडा नाकाजवळ धरा, तोंड उघडताच “सोड” म्हणा, तुकडा द्या आणि खेळणंही परत द्या. परत द्यायला विसरू नका, तेच महत्त्वाचं आहे. सोडलं तरी आपलं जात नाही, हे त्याला कळायला हवं.

मुलं आणि पाहुणे

कुत्रा खात असताना मूल त्याच खोलीत नको, मोठं माणूस हजर असलं तरी. रांगणारं मूल आणि ताटली तर समोरासमोर येताच कामा नये. गणपतीत, दिवाळीत, मे महिन्यात घर भाचरांनी भरतं आणि मुलांच्या हातात लाडू-चकल्या असतात. पंगत बसेल तेव्हा कुत्रा आतल्या खोलीत, चघळायला काहीतरी देऊन. त्याला ही शिक्षा वाटत नाही, वाटलीच तर सुटका वाटते.

चावलाच तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काहीही भरू नका. लगेच दवाखाना गाठा, “आपलाच कुत्रा आहे, लस दिलेली आहे” म्हणून घरी थांबू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते. पहिला डोस त्याच दिवशी, पुढचे ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी, स्नायूत देत असतील तर १४व्या दिवशीही. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतील. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवा आणि त्याच्या लसीचं कार्ड डॉक्टरांना दाखवा.

आम्ही येण्याआधी

त्याच्या एका जेवणाचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. मोबाईल खुर्चीवर टेकवा, चालू करा आणि तुम्ही खोलीबाहेर जा. दुसऱ्या जेवणाच्या वेळी लांबून एकदा शांतपणे जा, इतकंच. तो गुरगुरलेला दिसावा म्हणून ताटलीला हात लावू नका, आम्हाला त्याची गुरगुर पाहायची नाहीये. एका कागदावर लिहून ठेवा: कधी सुरू झालं, कशावरून, कोण जवळ होतं, कुठली औषधं चालू आहेत, आजवर किती वेळा आणि कुणाला चावला. मारलं असेल तर तेही लिहा, आम्ही कुणाला दोष देणार नाही. १०० ग्रॅम चिकन मीठ न घालता उकडून, बारीक तुकडे करून फ्रिजमध्ये ठेवा. आणि त्या दिवशी त्याचं सकाळचं जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीएवढंच द्या. उपाशी ठेवू नका.