गोठणबिंदू मापन संच: बरणी उघडण्याआधी वाचा

संचात चार बरण्या आहेत: निर्जल ग्लुकोज, सोडियम क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट. चौघांचीही द्रावणे एकाच तीव्रतेची करायची, १ किलो पाण्याला ०.५ मोल (मोल म्हणजे कणांची ठरावीक संख्या मोजण्याचे एकक). तरी ती गोठतात मात्र वेगवेगळ्या तापमानाला.

गोठणबिंदू किती उतरेल हे पाण्यात किती कण सुटे फिरतात यावर ठरते. कण कशाचे, याला फारसे महत्त्व नाही. १ किलो पाण्यात १ मोल कण असले की घट १.८६ अंश सेल्सियस. ग्लुकोजचा रेणू विरघळूनही अख्खाच राहतो, म्हणून ०.९३. मिठाचे, म्हणजे सोडियम क्लोराइडचे, दोन आयन (विद्युतभार असलेले कण) होतात, म्हणून १.८६. कॅल्शियम क्लोराइडचे तीन, म्हणून २.७९.

हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात मीठ १.७ च्या आणि कॅल्शियम क्लोराइड २.५ च्या आसपास थांबते. यात तापमापीचा दोष नाही. विरुद्ध भाराचे आयन एकमेकांना ओढत असतात, त्यामुळे ते पूर्ण मोकळ्या कणांसारखे वागत नाहीत. क्षारांचे आयन होतात ही कल्पना रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियसने मांडली, तिला अशा जादा घटीचा मोठा आधार होता. उरलेल्या तुटीचा उलगडा डिबाय आणि ह्युकेल या शास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये याच ओढीवरून केला. मॅग्नेशियम सल्फेटच्या दोन्ही आयनांवर दुहेरी भार असतो. तिथे बऱ्याच आयनांच्या जोड्याच जमतात आणि घट जेमतेम एक अंशाच्या वर जाते, जवळपास ग्लुकोजइतकी. आमच्या मते सगळ्यात बोलकी बरणी हीच. ती शेवटी घ्या.

वजने अशी. १०० ग्रॅम पाण्यात ग्लुकोज ९.०१ ग्रॅम किंवा मीठ २.९२ ग्रॅम. उरलेल्या दोन क्षारांच्या स्फटिकांतच पाणी असते, ते वजा करावे लागते: कॅल्शियम क्लोराइड ७.३५ ग्रॅम आणि पाणी ९८.२ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १२.३२ ग्रॅम आणि पाणी ९३.७ ग्रॅम. सर्वाधिक चुका इथेच होतात. पाणी ऊर्ध्वपातित घ्या आणि तेही तराजूवर तोला.

गार करायला बर्फाचा चुरा आणि मीठ. वजनाने तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घातले तर मिश्रण उणे २० पर्यंत उतरू शकते, पण या प्रयोगाला इतकी थंडी नको. नळीच्या काचेलाच बर्फाचा थर धरतो आणि मधले द्रावण तसेच राहते. मीठ थोडेथोडे घालत मिश्रण उणे ८ ते १० वर ठेवा. द्रावणाची नळी थेट त्यात न बुडवता संचातल्या रुंद नळीत बसवा. दोन्हींमधल्या हवेमुळे थंडी सावकाश पोचते.

आता ढवळत राहा आणि दर १५ सेकंदांनी तापमान टिपा. ते गोठणबिंदूच्याही खाली घसरेल, मग पहिला स्फटिक दिसताच झपकन वर चढेल. खालचा आकडा म्हणजे गोठणबिंदू नव्हे. वर चढल्यानंतरचा भाग पाहा. शुद्ध पाण्यात तो सपाट राहतो. द्रावणात हळूहळू उतरतो, कारण बर्फ वेगळा होतो तसे उरलेले द्रावण तीव्र होत जाते. म्हणून आलेखावर ती उतरती रेषा मागे वाढवून सुरुवातीच्या घसरणीच्या रेषेला जिथे मिळते तो बिंदू वाचा. घसरण दोन अंशांहून जास्त झाली तर एकदम खूप बर्फ होतो आणि उत्तर चुकते. ती फेरी सोडा, नळी कोमट करून पुन्हा लावा. पुढच्या वेळी बर्फाचा एक बारीक कण टाकला की घसरण थांबते.

सुरुवातीला शुद्ध पाण्याची एक फेरी घ्याच. तापमापी तिथे ०.२ दाखवत असेल तर प्रत्येक वाचनातून ०.२ वजा करा.

कॅल्शियम क्लोराइडची बरणी काम होताच घट्ट लावा. ते हवेतली ओल ओढते. ओलसर झाले की तोललेल्या ७.३५ ग्रॅममध्ये क्षार कमी भरतो आणि घटही कमी येते.