ड्रमच्या कडेला चिकटलेली अंडी

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढतो, हा समज फार चिवट आहे. त्याला लागतं साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. नवी मुंबईत तुर्भे स्टोअरच्या वस्तीत ते दाराबाहेरच्या निळ्या ड्रममध्ये असतं, कारण नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं. मी पेशींवर संशोधन करते आणि रविवारी सकाळी इथल्या सहावी-सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. पावसाळ्यात सुरुवात या ड्रमपासूनच होते.

मुलांच्या हातात फोल्डस्कोप असतो. स्टॅनफर्डमधल्या मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या कागदी सूक्ष्मदर्शकाची रचना प्रसिद्ध केली. घडी घातलेल्या जाड कागदात काचेचा जेमतेम अडीच मिलिमीटरचा गोल मणी बसवलेला असतो. मणी जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त वक्र; प्रकाशकिरण जास्त वळतात आणि वस्तू जास्त मोठी दिसते. एवढासा मणी १४० पट मोठं दाखवतो. त्यात डासाची अख्खी अळी मावत नाही, शेपटीकडची नळी तेवढी दिसते. तीच बघायची असते! अळी राहते पाण्यात, पण श्वास घेते हवेतून. म्हणून ती नळी पृष्ठभागाला टेकवून डोकं खाली करून लटकते. मलेरियाच्या अ‍ॅनोफिलिसच्या अळीला अशी नळी नसते, ती पृष्ठभागालगत आडवी पडून राहते. एकदा हे पाहिलं की मुलं नुसत्या डोळ्यांनीसुद्धा दोघींमधला फरक ओळखतात.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, पाणी शिळं झालं की त्यात आपोआप किडे पडतात ना? आजी म्हणते."

मी उत्तर दिलं नाही. फडक्यातून गाळलेलं पाणी दोन बरण्यांत भरलं, एकीच्या तोंडावर मलमलचं कापड घट्ट बांधलं, दुसरी उघडी ठेवली. पुढच्या रविवारी उघड्या बरणीत अळ्या वळवळत होत्या, झाकलेलीत एकही नव्हती. डास व्हायच्या आत ते पाणी कोरड्या मातीवर ओतून टाकलं. १६६८ मध्ये इटलीत फ्रान्चेस्को रेडीने मांस आणि माश्या घेऊन हाच मुद्दा सिद्ध केला होता. आजीची समजूत त्या मुलीनेच घातली.

ही पद्धत माझी नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिकही मध्य प्रदेशातल्या खेड्यांत जाऊन प्रयोगातून शिकवण्याच्या कामाला लागले होते. खाडीपलीकडे मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विज्ञानशिक्षणाचंच काम करतंय. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं भाषण करून निघून जाणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी कळकळीने सांगते, पुन्हा जा. मुलांचा खरा प्रश्न पहिल्या भेटीत येतच नाही.

एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ड्रमच्या भिंतीला काळी, बारीक अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासावी लागते. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून सुकवायचा दिवस. पण भरलेला ड्रम ओतून द्या, असं पाण्यासाठी ताटकळणाऱ्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? तोड मुलांच्या आयांनीच काढली. नळ यायच्या आधी ड्रम तळाला गेलेला असतो, तेव्हाच तो काथ्याने घासायचा आणि भरला की लगेच वर जुन्या साडीचं कापड बांधायचं.