ड्रॅगन ट्रेनला रोलर कोस्टर म्हणू नका

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेचे छायाचित्र कोणी पाठवले की आकाशपाळण्याशेजारच्या ड्रॅगन ट्रेनकडे बोट दाखवून ‘यंदा रोलर कोस्टरही आला आहे’ असे हमखास लिहिलेले असते. ही गल्लत तोंडी दुरुस्त करून मी थकलो आहे.

ड्रॅगन ट्रेन कशी असते हे खानदेशात कोणाला सांगायला नको: हिरवे तोंड, दोन-तीन बुटके चढउतार आणि पोरांनी गिल्ला केला की चालकाने दिलेला एक जादा राऊंड.

फरक विचारला तर लोक उंची, वेग किंवा माणसाला उलटे करणारी गोल कडी सांगतात. हे तिन्ही निकष फोल आहेत. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील १९२७ सालच्या ‘सायक्लोन’ला एकही कडे नाही, आणि लहान मुलांसाठीचे ठेंगणे रोलर कोस्टरही पुष्कळ असतात. रूळ लाकडी की पोलादी हा मुद्दा तर इथे गैरलागू आहे. मला स्वतःला लाकडीच आवडतात, पण ती आवड झाली.

खरा प्रश्न एवढाच आहे की गाडी कशाच्या जोरावर धावते. ड्रॅगन ट्रेनच्या गाडीतच मोटर असते आणि रुळालगतच्या पट्टीतून तिला अखंड वीज मिळते. रोलर कोस्टरच्या डब्यांत मोटरच नसते. साखळी त्यांना पहिल्या उंच चढावावर ओढून नेते आणि माथ्यावर सोडून देते. तिथून पुढे, लळिंगच्या घाटात पायडल न मारता सोडलेल्या सायकलीप्रमाणे, केवळ उताराने मिळालेल्या वेगावर सारा मार्ग पार पडतो. घर्षण आणि वारा हा वेग सतत खात असल्यामुळे पुढचा कोणताही चढाव पहिल्याइतका उंच ठेवता येत नाही. काही आधुनिक कोस्टरना साखळीऐवजी सुरुवातीलाच विद्युतचुंबकांनी ढकलतात, हे खरे. परंतु तो धक्का संपला की तीही गाडी मोकळीच धावते.

पारख करायची असेल तर वीज गेल्यावर काय होते ते पाहावे. एका यात्रेत जनरेटर बंद पडला, तेव्हा आमची ड्रॅगन ट्रेन थोडी घरंगळून दोन चढावांमधल्या खळग्यात रुतून बसली आणि आम्ही चपला हातात घेऊन उतरलो. रोलर कोस्टर माथा ओलांडून गेला असेल, तर त्याला वीज गेल्याचा पत्ताही लागत नाही. त्याला थांबवायला रुळांवरचे ब्रेकच लागतात. चढावावर असताना वीज गेली, तर डब्याखालचा खटका रुळामधल्या दातेरी पट्टीत अडकून गाडी मागे येऊ देत नाही. चढताना ऐकू येणारी ‘टक् टक्’ त्याचीच.

रोलर कोस्टरचा इतिहासही उताराचाच आहे. रशियात बर्फाच्या घसरगुंड्या होत्या. १८१७ साली पॅरिसमध्ये तशाच उतारावरून चाकांच्या गाड्या धावल्या. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक येथे १८२७ पासून कोळशाच्या वाघिणी डोंगरावरून आपोआप खाली येत आणि रिकाम्या वाघिणी खेचरे वर ओढत. गंमत अशी की उतरताना ती खेचरेही डब्यात बसून येत. १८८४ साली लामार्कस थॉम्प्सनने कोनी आयलंडवर पाच सेंटांत फेरी सुरू केली, मात्र टोकाला प्रवाशांना उतरावे लागे आणि गाडी माणसे वर ढकलत. पुढच्याच वर्षी फिलिप हिंकलने यंत्राने ओढणारा चढाव आणला.

खोपोलीच्या इमॅजिका उद्यानातील ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरमध्ये बसणाऱ्यांनी शेवटची रांग मागून घ्यावी. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा निम्मी गाडी अजून चढतच असल्याने तो रेंगाळतो. मागच्या डब्याची पाळी येईपर्यंत बाकीची गाडी उताराला लागलेली असते आणि तो माथ्यावरून अक्षरशः खेचला जातो. ड्रॅगन ट्रेनमध्ये कुठेही बसा, फारसा फरक पडत नाही.