डायब्लोस अंगावर आला की लगेच उडी मारू नका

मॉन्स्टर हंटर हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना डायब्लोस सांगायला नको, कॅपकॉमने 2004 साली पहिला गेम काढला तेव्हापासून हा वाळवंटातला दोन शिंगांचा धटिंगण त्यात आहे, लांबी साधारण 20 मीटर, आणि गंमत म्हणजे पठ्ठ्या शाकाहारी, निवडुंग खातो. पण एकदा का मान खाली घालून सुटला की नवीन माणूस एकतर पाठ फिरवून पळतो नाहीतर घाबरून लगेच बाजूला रोल (कोलांटी) मारतो, आणि दोन्हीत मार खातो.

पळून उपयोग नाही हे उघड आहे, तो जास्त फास्ट आहे. पण लगेच रोल मारून का चुकतं? गेमच्या आतले आकडे बाजूला ठेवू, आपण आपले धरू. समजा तो सेकंदाला 15 मीटरने येतोय आणि धावता धावता आडवा वेग दर सेकंदाला 5 मीटर प्रति सेकंदाने वाढवू शकतो. धडकेला 1 सेकंद असताना तुम्ही हललात तर तेवढ्या वेळात तो अडीच मीटर बाजूला सरकतो, म्हणजे तुम्ही जिथं गेलात तिथं हजर. 0.3 सेकंद उरेपर्यंत थांबलात तर सरकतो किती, 22 सेंटीमीटर, जेमतेम वीतभर! कारण हे अंतर वेळेच्या वर्गानुसार वाढतं, वेळ निम्मा केला की अंतर पाव होतं. चित्ता मागे लागलेलं इम्पाला हरीणसुद्धा शेवटच्या क्षणी झटकन वळतं, बोट्स्वानातल्या प्राण्यांना सेन्सरचे पट्टे बांधून केलेला यावरचा अभ्यास 2018 मध्ये 'नेचर'मध्ये आला होता.

आता 0.3 सेकंद उरलेत हे कळणार कसं, माणसाला डोळ्यांनी बघून बटण दाबायलाच पाव सेकंद लागतो. म्हणजे धडक बघून नाही तर आधीच अंदाज बांधून दाबावं लागतं, आणि हा अंदाज मेंदू बरा बांधतो. समोरून येणारी वस्तू डोळ्यात किती मोठी दिसतेय आणि किती वेगाने मोठी होतेय या दोन्हींच्या भागाकारातून थेट उरलेला वेळ मिळतो, अंतर माहीत नसलं तरी चालतं, मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांनी 1976 मध्ये हे मांडलं. म्हणूनच सपाट टीव्हीवरही जमतं. फक्त कॅमेरा त्याच्याकडे पाहिजे, पाठ करून पळणाऱ्याला ही माहितीच मिळत नाही.

बरं, डायब्लोस एवढा रुंद की वेळ साधूनही खांदा लागू शकतो, तिथं गेम थोडी मदत करतो, रोलच्या सुरुवातीला काही क्षण फटका लागतच नाही, त्याला आय-फ्रेम्स म्हणतात. आणि हत्यार म्यान करून पळता पळता मारायची ती सुपरमॅन डाइव्ह, त्यात हवेत असेपर्यंत काहीच लागत नाही, फिजिक्सला सरळ फाट्यावर मारलंय तिथं, पण जीव वाचतो.

माझं मत विचाराल तर जुन्या गेम्समध्ये सगळ्यात भारी उपाय म्हणजे भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि शेवटच्या क्षणी बाजूला व्हायचं. एवढं धूड त्या वेगात ऐनवेळी ना वळू शकतं ना थांबू शकतं, शिंगं भिंतीत रुततात आणि ती उपसेपर्यंत शेपटी तुमचीच, टोकाच्या कडक गाठीवर तलवार नुसती आपटते, वार मधल्या भागावर करा.