फोल्डिंग सायकलीचे पैसे नेमके कशाचे? थोडी पार्श्वभूमी

प्रीमियम फोल्डिंग सायकल शहरात वापरायला घ्यावी का, हा विषय निघाला की बोलणं लगेच वजन, गिअर आणि किंमतीवर जातं, एवढ्या पैशात चांगली रोड बाइक येईल की, असं कुणीतरी म्हणतंच. माझं म्हणणं एवढंच आहे की ही सायकल कुठल्या अडचणीतून जन्माला आली ते आधी बघा, म्हणजे पैसे कशाला लागतात ते आपोआप कळतं.

सायकलीची घडी घालायची हौस खूप जुनी आहे. इंग्लंडात विल्यम ग्राउटने १८७८ मध्येच त्या उंच चाकाच्या सायकलीला सुटी करून नेता येईल असं रूप दिलं होतं. नंतर यात सैन्यं उतरली, फ्रान्समध्ये कॅप्टन जेरार्डची घडीची सायकल १८९० च्या दशकात आली, जिथे रस्ता संपेल तिथे शिपायाने ती पाठीवर घ्यायची. दुसऱ्या महायुद्धात बीएसए कंपनीने ब्रिटिश पॅराट्रूपर्ससाठी अशीच एक बनवली, चाकं नेहमीच्या मापाची, फ्रेम मधोमध दुमडणारी आणि ती घट्ट धरायला दोन विंगनट, म्हणजे हाताने फिरवून आवळायचे नट. पण शिपायाला ती रोज दोनदा दुमडून गर्दीच्या डब्यात शिरायचं नव्हतं, त्यामुळे घडी किती लहान होते, किती झटपट होते याचा फारसा विचार तिथे झालाच नाही.

खरा बदल आला तो लहान चाकांनी. अॅलेक्स मोल्टन, ज्याने मिनी कारचं रबरी सस्पेन्शन केलं तोच, त्याने १९६२ मध्ये लहान चाकांची सायकल बाजारात आणली. ती फोल्डिंग नव्हती, तरी ह्या गोष्टीत तिला मान द्यायलाच हवा, कारण लहान चाक म्हणजे पोरांची सायकल ही समजूत तिने मोडली. टायर अरुंद आणि जास्त हवेचे, धक्के खायला पुढे-मागे रबरी सस्पेन्शन, आणि त्याच वर्षी जॉन वुडबर्नने मोल्टनवर कार्डिफ ते लंडनचा रेकॉर्ड मोडला! सस्पेन्शन मोल्टनने शोभेला लावलं नव्हतं हे मात्र लक्षात ठेवा. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल जातं आणि कडेवर जास्त जोरात आपटतं, हे आजही तसंच आहे, खराब रस्त्यावर फोल्डिंग सायकलवाल्यांचे हात भरून येतात ते त्यामुळेच.

मोल्टनचं बघून लहान चाकांची लाट आली आणि तिच्यात मधोमध बिजागरी असलेल्या स्वस्त सायकलीही भरपूर निघाल्या. इटलीची ग्राझिएला १९६४ ची, दिसायला देखणी. पण या प्रकारातल्या बऱ्याच सायकली जड होत्या, बिजागरी वर्षभरात खुळखुळायची, आणि घडी घातली तरी आकार असा वेडावाकडा की उचलायची कुठून तेच कळू नये. फोल्डिंग म्हणजे तकलादू, हे नाव तेव्हा पडलं ते अजून पुरतं पुसलेलं नाही.

हॅरी बिकर्टन या ब्रिटिश इंजिनिअरने १९७० च्या दशकात अॅल्युमिनियमची खूप हलकी फोल्डिंग सायकल काढली. हलकी होती पण चालवताना लवायची. ती अँड्र्यू रिची नावाच्या, केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकलेल्या तरुणाच्या बघण्यात आली आणि आपण याहून चांगली करू असं त्याने मनावर घेतलं. लंडनमधल्या त्याच्या फ्लॅटसमोर ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च होतं, त्यावरूनच सायकलीचं नाव पडलं ब्रॉम्प्टन. त्याची घडी जरा नीट बघा, सगळी गोम तिथेच आहे. मागचं चाक मागच्या त्रिकोणासकट खाली फिरून फ्रेमखाली येतं, मग सायकल स्वतःच उभी राहते. पुढचं चाक वळून बाजूला येऊन बसतं. हँडल खाली पडतं, सीट खाली ढकलली की सगळं लॉक. आणि चेन, जिचं तेल पँटला लागतं, ती दोन चाकांच्या मधे लपते. हे ज्याने ठरवलं त्याने ट्रेनमध्ये शेजारी बसणाऱ्या माणसाचाही विचार केला होता, मला तरी हे फार मोलाचं वाटतं.

पण हे विकायला त्याची दमछाक झाली. रॅलेसारख्या मोठ्या कंपनीने नको म्हटलं, १९८१ च्या सुमारास त्याने स्वतः काही शे सायकली बनवल्या, मग पैशाअभावी काम थांबलं, आणि नाइम ऑडिओ या ध्वनीयंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या ज्युलियन व्हेरेकरने पाठबळ दिल्यावर १९८७-८८ मध्ये कुठे नीट कारखाना उभा राहिला.

इकडे अमेरिकेत लेझरवर काम करणारे डेव्हिड हॉन, सत्तरच्या दशकात तेलटंचाईत पेट्रोलसाठी लागलेल्या रांगा बघून, याच कामाला लागले आणि १९८२ मध्ये डाहॉन सुरू केली. त्यांची वाट वेगळी, उत्पादन तैवानमध्ये, मॉडेल्स भरपूर, किंमत आवाक्यात. आज साध्या बजेटमधल्या बहुतेक फोल्डिंग सायकली त्याच घराण्यातल्या वाटतात, मधोमध दुमडणाऱ्या, २० इंची चाकांच्या. त्या चालवायला बऱ्याचदा ब्रॉम्प्टनपेक्षा स्थिर असतात, फक्त घडी मोठी होते. जर्मनीच्या बर्डी या सायकलीने १९९० च्या दशकात दोन्ही चाकांना सस्पेन्शन देऊन तिसरा मार्ग धरला.

म्हणजे बघा, जास्तीचे पैसे वेगासाठी कधीच नव्हते, ते घडीचे आहेत. स्टीलच्या ब्रॉम्प्टनची फ्रेम पितळेने झाळून जोडतात, जोडणारा कारागीर त्यावर स्वतःचा शिक्का मारतो, आणि बिजागरी हजारो वेळा उघडझाप करूनही ढिली पडू नये यातच मेहनत जाते. ज्यांना घर ते ऑफिस सरळ सायकलनेच जायचंय आणि खाली लावायला सुरक्षित जागा आहे, त्यांनी साधी सायकल घ्यावी, तीच जास्त आरामाची. ज्यांच्या प्रवासात ट्रेन किंवा मेट्रो मधे येते, वर जिने आहेत, रात्री बाहेर ठेवली तर चोरीला जाईल अशी परिस्थिती आहे, त्यांना मात्र घडीचा फायदा दिवसातून कितीतरी वेळा मिळतो आणि त्यांनी खर्च करावा असं मी अगदी खात्रीने सांगेन.

आता प्रश्न नकलांचा. ब्रॉम्प्टनचं पेटंट केव्हाच संपलंय, त्यामुळे तशीच तीन ठिकाणी दुमडणारी सायकल बऱ्याच कंपन्या स्वस्तात देतात. एका कोरियन कंपनीविरुद्धचं प्रकरण युरोपियन न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२० मध्ये निकाल आला की आकार तांत्रिक कामासाठी गरजेचा असला तरी त्यात निर्मात्याची स्वतःची कल्पकता दिसत असेल तर त्याला कॉपीराइट मिळू शकतो, ती दिसते का हे खालच्या कोर्टाने ठरवायचं. घेणाऱ्यासाठी मुद्दा साधा आहे, नक्कल वाईटच असते असं नाही, पण दुकानात ती चारपाच वेळा उघडून मिटून बघा, उघडल्यावर पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढे-मागे हलवा आणि बिजागरीत टकटक येते का ते बघा, आणि बिजागरी आवळून धरणारे क्लॅम्प, मागच्या सांध्यातले झिजणारे बुश सुटे मिळतात का ते पैसे देण्याआधीच विचारा.