मुक्ती मिशन (केडगाव) आणि पंडिता रमाबाईंची दुःखाबद्दलची श्रद्धा

मुक्ती मिशन ही पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातल्या केडगावला असलेली ख्रिस्ती संस्था, पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) दुष्काळात सापडलेल्या मुली आणि विधवांसाठी सुरू केलेली, आणि आजही चालू आहे. दुःखातून आशा कशी मिळते, सोसलेल्याचा काही उपयोग असतो का, या प्रश्नाला मराठी मुलखात ख्रिस्ती श्रद्धेनं दिलेलं सगळ्यात ठळक उत्तर बघायचं तर इथे बघावं. उत्तर म्हणजे इथे प्रवचन नाही, विहिरी, गोठा, छापखाना आणि मोठाल्या स्वयंपाकघरात शिजणारं अन्न.

आधी मागचं थोडं. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीबुवांना लोकांचा रोष पत्करावा लागला आणि ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले, तिथेच रमाबाईंचा जन्म. पुढे सगळं कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात होतं नव्हतं ते विकून दानधर्म, व्रतं, पूजा सगळं झालं, पण पोटाला काही मिळेना. मजुरी करायची तर ब्राह्मणपण आड यायचं. शेवटी रानात नुसतं पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरावर दिवस काढले, वडिलांनी तर जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं, तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी मजुरी करतो पण तुम्ही जीव देऊ नका. तरी काही महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि थोरली बहीण तिघंही गेली. भाऊबहीण पायी उत्तरेकडे निघाले. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं म्हणून वाळूत दोन खड्डे खणले, अगदी थडग्यासारखे, आणि त्यात झोपून डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. हे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय.

मग १८७८ मध्ये कलकत्त्याला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, १८८० मध्ये भाऊ गेला, त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२ मध्ये तेही कॉलऱ्यानं गेले, पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. एवढं सोसल्यावर माणूस देवाचं नाव टाकतो नाहीतर देवाला घट्ट धरतो असं आपण म्हणतो, पण रमाबाईंचं तसं सरळ झालं नाही. जुन्या व्रतवैकल्यांवरचा विश्वास दुष्काळातच उडाला होता, त्याजागी लगेच दुसरं काही आलं नव्हतं.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला वाँटेज गावच्या ख्रिस्ती जोगिणींकडे, म्हणजे सिस्टरांकडे, शिकायला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं पण ऐकू कमी येत असल्यानं ते राहून गेलं. तिथे असताना लंडनच्या फुलहॅम भागात या सिस्टर लोकांनी चालवलेलं, वाट चुकलेल्या म्हणून समाजानं टाकून दिलेल्या बायकांचं घर त्यांनी बघितलं. अशा बायकांना कोणी मायेनं जवळ घेतं हेच त्यांना नवीन होतं. हे असं का करता विचारलं तेव्हा बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातली, लोकांनी कमी लेखलेल्या शोमरोनी बाईशी येशू आपणहून बोलतो ती गोष्ट त्यांना वाचून दाखवली गेली. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ओढ लागली ती वादविवादातून नाही, दुखावलेल्या बायकांची चाकरी बघून. पण त्यांच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता. तो अनुभव पुढे १८९१ च्या सुमारास आला.

ख्रिस्ती शिकवणीत दुःखाबद्दल दोनतीन धागे आहेत, ते इथे सांगितले पाहिजेत. एक म्हणजे क्रूस: देव वरून बघत बसत नाही, स्वतः वेदनेत उतरतो. दुसरा बायबलमधल्या रोमकरांस पत्रातला, संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा. तिसरा करिंथकरांस दुसऱ्या पत्रातला, ज्यावर कमी बोललं जातं, की संकटात आपल्याला जो दिलासा मिळतो तो दुसऱ्या संकटग्रस्ताला देता यावा म्हणून मिळतो. मला वाटतं केडगाव समजायला हा तिसरा धागा सगळ्यात कामाचा. दुःख का आलं हे तिथे कळत नाही, पुढे त्याचं काय करायचं ते कळतं. आणि बायबलमधल्या ईयोबाच्या, म्हणजे दोष नसताना सगळं गमावलेल्या माणसाच्या, पुस्तकातसुद्धा ‘का’ चं उत्तर मिळत नाहीच, उलट तुझ्या पापामुळेच हे झालं म्हणून समजूत घालायला बसलेल्या मित्रांनाच देव फटकारतो, हे आजारी माणसाच्या उशाशी बसून उपदेश करणाऱ्या काही मंडळींनी परत वाचायला हरकत नाही.

१८८९ मध्ये मुंबईला रमाबाईंचं विधवांना शिकवणारं शारदा सदन सुरू झालं, दुसऱ्या वर्षी ते पुण्याला आलं. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसायच्या. त्यावरून केवढा गहजब झाला, ‘केसरी’नं झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. आक्षेप अगदीच पोकळ होता असं म्हणता येणार नाही, धर्माच्या बाबतीत अलिप्त राहू असं सांगून चालवलेली संस्था आणि चालवणारीची श्रद्धा यात ताण होताच. पण टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या घरातल्या विधवेला दुसरी वाट काढून दिली, हेही विचारायला हवं.

खरी कसोटी १८९६-९७ च्या दुष्काळात लागली. मध्य प्रांतात माणसं मरत होती आणि रमाबाईंना आपले रानातले दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या, नुसता हाडांचा सापळा झालेल्या. पुण्यात प्लेग, सरकार एवढ्या लोकांना शहरात राहू देईना, म्हणून आधी घेऊन ठेवलेल्या केडगावच्या जमिनीवर तात्पुरता निवारा उभा राहिला, त्याचंच मुक्ती मिशन झालं. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे जे हाल होत होते त्यावर त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं तेव्हा गव्हर्नर सँडहर्स्टही चिडले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या, संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. शेती, गुरं, विणकाम, तेलाचा घाणा, सगळं बायकाच बघायच्या. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, आंधळ्यांसाठी बार्तीमय सदन, आणि तिथे मनोरमा ब्रेल शिकवायची. १९०५ मध्ये इथे झालेली प्रार्थनेची जागृती जगभरच्या पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) इतिहासात नोंदली गेलीय, तो वेगळाच विषय आहे.

शेवटची बरीच वर्षं रमाबाई साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छापखान्यातले अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत काम केडगावच्याच बायकांनी केलं, ज्यांना आणलं तेव्हा अक्षरओळखही नव्हती अशांनी. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वयाच्या चाळिशीत गेली. संस्था पुढे तीच चालवणार असं धरून सगळी आखणी होती. तरी रमाबाई काम करतच राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.