महिन्याला एक इंजेक्शन, आणि टर्कीची रोजची धास्ती कमी

ब्राउन शुगर सोडायचं ठरवलेल्या माणसाला तो निर्णय एकदा घेऊन चालत नाही, रोज सकाळी परत घ्यावा लागतो. कारण सकाळी टर्की, म्हणजे माल न मिळाल्याचा त्रास, लागलेली असते, नाकाडोळ्यातून पाणी, पोटात मुरडा, हाडं ठणकतायत आणि अंगावर काटा. अशा अवस्थेत त्याला इच्छाशक्ती नाही म्हणून बोल लावणं मला फार अन्यायाचं वाटतं.

ब्राउन शुगरमधलं हेरॉइन मेंदूतल्या म्यू रिसेप्टरवर, म्हणजे अशा नशेचा परिणाम जिथून होतो त्या जागेवर, जाऊन बसतं. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध पण तिथेच बसतं, हेरॉइनपेक्षा घट्ट, पण काम अर्धवटच करतं, म्हणजे टर्की थांबते, तलफ कमी होते आणि श्वास बंद पडायची भीती हेरॉइनच्या मानाने बरीच कमी. आपल्याकडे ओएसटी सेंटरवर, म्हणजे मालाऐवजी असं औषध देणाऱ्या केंद्रावर, ही गोळी सहसा स्टाफसमोर जिभेखाली ठेवून विरघळवायची असते, रोज. आता नाक्यावर उभं राहून रोजंदारी मिळवणाऱ्याने रोज कामाची वेळ सोडून तिथे यायचं कसं? तो दोन दिवस चुकतो आणि तिसऱ्या दिवशी मालाकडे वळतो.

इथेच डेपो इंजेक्शन, म्हणजे एकदा टोचलं की शरीरात साठून हळूहळू सुटणारं औषध, कामाला येतं. ब्युप्रेनॉर्फिनच्याच सबलोकेड नावाच्या इंजेक्शनला अमेरिकेत नोव्हेंबर 2017 मध्ये मंजुरी मिळाली. ते सहसा पोटाच्या कातडीखाली देतात, आत जाताना पातळ असतं पण शरीरातल्या पाण्याशी संपर्क आला की घट्ट होऊन त्याचा छोटा गोळा बनतो, आणि आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांचा धागा ज्या जातीच्या पॉलिमरचा असतो तसलंच पॉलिमर यात असल्याने तो गोळा हळूहळू झिजत औषध सोडत राहतो. नेहमीचा डोस पहिले दोन महिने 300 मिलिग्रॅम, नंतर 100. हेच जर कोणी शिरेत टोचलं तर गोळा रक्तवाहिनीत तयार होईल आणि जीवावर बेतेल, म्हणून ते पेशंटच्या हातात देतच नाहीत, नर्स किंवा डॉक्टरच टोचतात. ऑस्ट्रेलिया आणि युरोपात ब्युप्रेनॉर्फिनचंच ब्युव्हिडाल नावाचं इंजेक्शन आहे, त्यात पॉलिमरऐवजी स्निग्ध पदार्थांचं मिश्रण असतं आणि ते आठवड्याचं किंवा महिन्याचं मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या तुरुंगांमध्ये हे वापरून बघितलंय, कारण तिथे गोळी तोंडात लपवून दुसऱ्याला देणं, किंवा दादागिरी करून कोणाकडून काढून घेणं हा मोठाच प्रश्न असतो. कातडीखालचं औषध असं काढून घेणं फार अवघड.

एक घोटाळा मात्र घरच्यांचा हमखास होतो. नाल्ट्रेक्सोनचं पण महिन्याचं इंजेक्शन असतं, 380 मिलिग्रॅम, कमरेच्या स्नायूत, पण ते पूर्ण उलटं आहे. ते रिसेप्टर नुसता अडवतं, टर्की शमवत नाही, आणि त्याआधी साधारण 7 ते 10 दिवस कुठलाही ओपिऑइड, म्हणजे हेरॉइनच्या जातीचं काहीही, शरीरात जाता कामा नये. हे दिवस काढणंच कठीण. अमेरिकेत 570 लोकांवर दोन्ही औषधांची तुलना झाली (त्यात ब्युप्रेनॉर्फिन गोळीच्या स्वरूपातलं होतं), तेव्हा नाल्ट्रेक्सोनच्या गटातल्या 28 टक्के लोकांना पहिला डोसच देता आला नाही, दुसऱ्या गटात हेच प्रमाण 6 टक्के. ज्यांचं सुरू झालं त्यांच्यात पुढे दोघांचा निकाल जवळपास सारखाच लागला.

ब्युप्रेनॉर्फिनच्या डेपोचा आणखी एक फायदा, तारीख चार दिवस पुढे गेली तरी लगेच टर्की लागत नाही, औषध हळूच उतरतं. नाल्ट्रेक्सोनचा असर संपला तर गोष्ट वेगळी, शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीच्याच मापाची पुडी घेतली तर श्वास थांबू शकतो, म्हणून त्या पेशंटची तारीख चुकली की घरच्यांनी त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायचा.